प्रोजेक्ट चालू असताना येणारे बदल कसे सांभाळता? (हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर, चार महिने उशीर)

रेवा_उत्तर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऍडमिनला आहे, दीडशे बेडचं आहे. गेल्या वर्षी ठरलं की बिलिंग, वॉर्ड, फार्मसी, लॅब सगळं एका सॉफ्टवेअरवर आणायचं, आणि समन्वयाचं काम माझ्याकडं आलं. दिवाळीला चालू व्हायचं होतं, आता होळी जवळ आली तरी अर्धवट आहे. परवा ट्रस्टींनी मीटिंगमध्ये विचारलं, उशीर कशामुळे झाला ते सांगा, आणि मला खरंच एक कारण सांगता येईना. कारण एक कारण नाहीचए. मेट्रन बाईंनी सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाला फोन करून एक कॉलम वाढवून घेतला, अकाउंट्सनी व्हॉट्सॅपवर फोटो टाकून बिलाचा नमुना बदलला, एका सरांनी ओपीडीतच त्या मुलाला बसवून प्रिस्क्रिप्शनचं पान तीनदा फिरवून घेतलं. प्रत्येकाचं म्हणणं "एवढंच तर आहे, करून द्या", आणि एकेकट्याचं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं.

मग जानेवारीत एका रविवारी जे झालं त्याने माझी झोप उडाली. अकाउंट्सनी सांगितलं की खोलीभाडं ऍडमिशनच्या वेळेपासून २४ तास न धरता दुपारी १२ ते दुपारी १२ धरा. मुलानं अर्ध्या तासात करून दिलं, प्रायव्हेट पेशंटच्या दोन बिलांवर तपासलं, बरोबर आलं. पण महात्मा फुले योजनेतल्या पेशंटला पॅकेज असतं, त्यांच्याकडून वेगळं खोलीभाडं घ्यायचंच नसतं, आणि नव्या हिशोबात ती अट राहून गेली. रविवारी काउंटरवर एक बाई नवऱ्याच्या डिस्चार्जसाठी कापडी पिशवीतून नोटा काढून मोजत होती, ६४०० चं बिल निघालं होतं, चार हजार मोजून झाले होते तिचे. वॉर्डच्या सिस्टर सहज खाली आल्या म्हणून त्यांच्या लक्षात आलं. काउंटरवरच्या मुलाची चूक नाही, कॉम्प्युटरनं सांगितलं ते त्यानं सांगितलं. मी त्या बाईंची माफी मागितली, पण त्या रविवारच्या आधी किती जणांनी न विचारता भरले असतील हे शोधायला आम्हाला आठ दिवस लागले. सहा निघाले. सगळ्यांचे पैसे परत केले.

तर विचारायचंय असं की तुमच्या कामात असे बदल कसे सांभाळता? आणि सगळ्यांशी वाईटपणा न घेता कसं करता? कारण मी "लेखी द्या" म्हटलं की लोक म्हणतात सरकारी ऑफिस केलंय.

---

बोल्ट_नट

रेवाताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी भोसरीला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, १७ वर्षं झाली. आमच्या धंद्यात बदल नाही असा आठवडा जात नाही, त्यामुळं त्याची पद्धत रक्तात भिनलेली असते.

प्रत्येक ड्रॉइंगला नंबर आणि त्यापुढं रिव्हिजनचं अक्षर. काहीही बदललं, अगदी भोकाचा व्यास अर्धा मिलिमीटरनं, तरी अक्षर पुढं सरकतं आणि एक ईसीएन निघते, म्हणजे बदलाची चिठ्ठी. त्यात काय बदललं एवढंच नसतं, त्यात असतं कधीपासून आणि जुन्या मालाचं काय. नवशिके इथंच फसतात. मशीनवर अर्धा झालेला माल आहे, स्टोअरमध्ये आहे, प्लेटिंगला बाहेर गेलाय, ग्राहकाच्या लाईनवर आहे, यातला कुठला चालेल आणि कुठला नाही हे बदल मंजूर करतानाच लिहावं लागतं.

एकदा ग्राहकाच्या डिझाइनवाल्यानं फोनवर सांगितलं ८.५ चं भोक ९ करा, तातडी आहे, कागद मागून येतोय. आमच्या सुपरवायझरनं लाईनवरच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीनं ९ लिहिलं आणि काम सुरू. ड्रिल बदललं, माल बरोबर निघायला लागला. पण तपासणीच्या टेबलावरचा गेज, म्हणजे भोकाचं माप बघायचं साधन, जुनाच! सेकंड शिफ्टच्या इन्स्पेक्टरला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं सगळा चांगला माल लाल ट्रेमध्ये टाकला. थर्ड शिफ्टच्या ऑपरेटरनं लाल ट्रे बघितला, त्याला वाटलं ड्रिल चुकीचं लागलंय, त्यानं परत ८.५ चं लावलं. सकाळी दोन्ही माल एकाच बिनमध्ये. तीन माणसं दोन दिवस एकेक पार्ट हातात घेऊन निवडत बसली. तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं हो, ड्रॉइंगवरची पेन्सिल तेवढी दोघांना माहीत नव्हती.

तुमचं खोलीभाड्याचं अगदी हेच आहे. ड्रिल बदललं, गेज राहिला.

---

तापीकाठ

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळं "सरकारी ऑफिस केलंय" हे वाचून थोडं वाईट वाटलं, पण रेवाताई तुमचा दोष नाही.

आमच्याकडं टेंडरमधल्या प्रमाणापेक्षा काम २५ टक्क्यांच्या वर वाढलं की कलम ३८ लागू होतं, आणि टेंडरमध्ये नसलेलंच काम निघालं तर एक्स्ट्रा आयटम, त्याची ईआयआरएल (जादा कामांच्या दरांची यादी) वर पाठवून मंजुरी घ्यायची. लोकांना हे कटकटीचं वाटतं, पण याच्यामागं अनुभव आहे. पाया खोदायला घेतला, बोअरमध्ये सहा मीटरवर खडक दाखवलेला आणि प्रत्यक्षात नऊ मीटरवर लागला, पावसाळा पंधरा दिवसांवर, आता काय करणार? खोदावंच लागतं. वरिष्ठ साइटवर येऊन तोंडी सांगून जातात, चालू ठेवा, कागद करून घेऊ. मग त्यांची बदली होते. नवीन साहेब म्हणतात हे माझ्या काळातलं नाही. ठेकेदाराचं बिल अडकतं, ऑडिटचा पॅरा पडतो, आणि खालचा कनिष्ठ अभियंता निवृत्तीपर्यंत उत्तरं देत बसतो. मी स्वतः दिलीत. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, तोंडी सूचना आली की त्याच संध्याकाळी साइट ऑर्डर बुकात लिहायची, "आज अमुक वाजता अशी सूचना मिळाली, त्याप्रमाणे काम सुरू करत आहे", आणि प्रत वर पाठवायची. मंजुरी नंतर येऊ दे, पण तारीख आजची पडते.

दुसरं एक सांगतो, आम्हा सिव्हिलवाल्यांना हे शिकवलं जातं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला लॉबीवरचे टांगते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईवर छतापासून टांगलेले होते. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणं अवघड म्हणून बनवणाऱ्यानं सुचवलं की दोन सळया करू, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला काहीच फरक नाही. पण विहिरीत दोर सोडलाय आणि दोघं जण दोराला धरून लटकलेत, ही एक गोष्ट; आणि खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरलेत, ही दुसरी गोष्ट. दोरावरचं वजन तेवढंच, पण वरच्याच्या हातांवर दुप्पट. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर असाच दुप्पट भार आला. हा बदल मंजूर झाला होता बरं का, पण त्या जोडाचा हिशोब नव्यानं कुणी करून बघितला नाही. म्हणून सही झाली म्हणजे बदल तपासला गेला असं समजू नका.

---

हिंजवडी_फेज३

काकांचं आणि बोल्टदादांचं सगळं मान्य, पण मला थोडं विरुद्ध बोलायचंय कारण मी दुसरं टोक बघितलंय.

मी एका बँकिंग क्लायंटच्या सपोर्टला होतो. तिथं दर बुधवारी कॅब व्हायची, म्हणजे चेंज ऍडव्हायजरी बोर्ड, एका तासात चाळीस-चाळीस बदल. प्रत्येकाला दीड मिनिट. समोरच्या पंधरा लोकांपैकी त्या सिस्टीमची माहिती असलेले एक-दोन, बाकीचे "नो ऑब्जेक्शन". फॉर्म भरायला तीन तास जायचे आणि तो कुणी वाचायचं नाही. परिणाम काय झाला तर लोकांनी सगळे बदल "इमर्जन्सी" म्हणून टाकायला सुरुवात केली कारण त्याला मंजुरी नंतर घेता यायची. म्हणजे कडक पद्धतीनंच पळवाट तयार केली.

२०१२ ला १ ऑगस्टला नाईट कॅपिटल नावाच्या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीत आठ सर्व्हरवर नवीन प्रोग्रॅम टाकायचा होता, सातवर टाकला, आठव्यावर राहिला. बाजार उघडल्यावर त्या एकावरचा जुना कोड चालू झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. हे कुठल्या कमिटीनं पकडलं असतं? दुसऱ्या माणसानं आठही सर्व्हर मोजून बघितले असते तर पकडलं असतं. त्यामुळं रेवा, फॉर्म वाढवण्यापेक्षा बदल केल्यावर दुसऱ्या डोळ्यांनी बघणं वाढव, आणि बारीकसारीक नेहमीच्या बदलांना एकदाच मंजुरी देऊन मोकळी हो. आयटीआयएलमध्ये (आयटीची कामं कशी सांभाळायची याची पद्धत) त्याला स्टँडर्ड चेंज म्हणतात. नवीन सिस्टरचं लॉगिन काढणं, औषधाचं नाव यादीत घालणं, याला कशाला सही पाहिजे दरवेळी.

---

बोल्ट_नट

@हिंजवडी_फेज३ स्टँडर्डचं पटलं. पण माझी एक शंका, "बारीक" कोण ठरवणार? खोलीभाडं पण बारीकच वाटलं होतं की. आमच्याकडं नियम असाय की बदल सुचवणाऱ्यानं तो बारीक आहे हे ठरवायचं नाही.

---

हिंजवडी_फेज३

हो, ते बरोबर. यादी आधी करायची आणि यादीत नसेल ते बारीक नाही, एवढं सोपं ठेवायचं.

---

मृद्गंध_क्यूए

औषध कंपनीत क्यूएला, म्हणजे क्वालिटी ॲशुरन्सला आहे, गोव्यात. आमचं तर निम्मं आयुष्य चेंज कंट्रोलमध्ये जातं, औषध बनवण्याच्या आपल्या नियमांत, सुधारित शेड्यूल एममध्ये पण आहे, आयसीएच क्यू१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत तर क्वालिटी सिस्टीमच्या चार खांबांपैकी एक आहे. मी सगळं सांगत नाही, रेवाताईंना उपयोगी तेवढंच सांगते.

आमच्या फॉर्ममधला सगळ्यात मौल्यवान भाग म्हणजे इम्पॅक्टचं पान. त्यात विभागांची नावं खाली खाली लिहिलेली असतात, प्रॉडक्शन, इंजिनिअरिंग, क्यूसी, रेग्युलेटरी, स्टोअर, आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायचं असतं, माझ्यावर याचा काय परिणाम. "नाही" लिहायचं तरी का नाही ते लिहायचं. सुरुवातीला मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मग एकदा गॅस्केट बदलायचा बदल आला, पर्चेसनं लिहिलं होतं तीच साइज, तोच आकार, दुसरा पुरवठादार, जसं आहे तसंच. आम्ही त्याला लाइक फॉर लाइक म्हणतो, त्याला फारसं काही लागत नाही. क्यूसीच्या एका ज्युनिअर मुलीनं पानावर लिहिलं, "मटेरियल तेच आहे का? आपण ते मशीन ज्या सॉल्व्हंटनं धुतो ते याला चालेल का?" विचारलं तर मटेरियल वेगळं निघालं, त्या सॉल्व्हंटनं फुगणारं. मशीन धुण्याशी पर्चेसचा संबंधच येत नाही, त्यांना सुचणार कसं? म्हणून ज्याला माहीत आहे त्याला विचारलं गेलं पाहिजे. तुमच्या खोलीभाड्याच्या वेळी योजनेचं डेस्क बघणाऱ्याला कुणी एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

अजून एक, तात्पुरत्या बदलाला संपायची तारीख घाला. तारीख नसलेला तात्पुरता बदल कायमचा होतो.

---

लोटे_परशुराम

मृद्गंध यांनी तात्पुरत्याचा विषय काढला म्हणून लिहितो. केमिकल प्लांटमध्ये आहे. आमच्यात याला एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज) म्हणतात आणि नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात फ्लिक्सबरोची गोष्ट सांगतो, दरवेळी सांगताना पोटात कालवतं.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला सायक्लोहेक्झेनचा प्लांट होता, ओळीनं सहा रिॲक्टर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा खाली, उतरंडीसारखे. मार्च १९७४ ला पाच नंबरच्या रिॲक्टरला तडा दिसला. ठरलं की पाच नंबर काढायचा आणि चार ते सहा पाइप टाकून प्लांट चालू करायचा, तात्पुरतं. तोंडं २८ इंचाची, हाताशी पाइप २० इंचाचा. दोन्ही तोंडं वेगळ्या उंचीवर म्हणून पाइपला मध्ये दोन बाक, दोन्ही टोकांना बेलोज (भात्यासारखे लवचिक जोड), खाली परांचीचा आधार. आणि या पाइपचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेली आकृती. कारखान्याचे वर्क्स इंजिनिअर आधीच सोडून गेलेले, जागा रिकामी. दाब आल्यावर बाकदार पाइप वळायला बघतो, बेलोजला ते झेपत नाही, हे ओळखणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

दोन महिने चालला पाइप. १ जूनला शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर फुटला, वाफेचा ढग पेटला, २८ माणसं गेली, त्यातली १८ कंट्रोल रूममध्ये. ऑफिसं बंद होती म्हणून एवढ्यावर भागलं.

ताई, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आणि रिॲक्टर एक नाही हे कळतं मला. पण औषधाचा डोस दाखवणारं पान तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे ना? ओपीडीत बसून तीनदा फिरवलेलं ते प्रिस्क्रिप्शनचं पान आधी तपासा, खोलीभाड्याच्या आधी.

---

रेवा_उत्तर

लोटेदादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री साडेदहाला फार्मसीच्या इन्चार्जना फोन केला. सकाळी आम्ही दोघी बसलो. तिसऱ्यांदा पान फिरवलं तेव्हा डोसच्या रकान्यात "मिग्रॅ" आणि "मिली" चा पर्याय होता तो जागा वाचवायला काढून नुसता आकडा ठेवला होता. लहान मुलांच्या सिरपला नुसता ५ दिसत होता. फार्मसीतली माणसं अनुभवानं समजून घेत होती, आणि समजलं नाही की वर फोन करत होती. अजून काही वाईट घडलेलं नाही. ते पान आम्ही त्याच दिवशी मागं नेलं. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता अवघड प्रश्न. ते सर वयानं आणि मानानं मोठे आहेत, हॉस्पिटल त्यांच्या नावावर चालतं. त्यांना नाही कसं म्हणू?

---

तापीकाठ

नाही म्हणूच नका. माझ्या नोकरीत मी आमदारांना नाही म्हटलेलं नाही, आणि नियमाबाहेर काम पण केलेलं नाही. म्हणायचं, "हो सर, करता येईल. यासाठी इतके दिवस आणि इतके पैसे लागतील, आणि त्यामुळं लॅबचं काम एवढं पुढं जाईल. आपण ट्रस्टींना सांगता का मी सांगू?" निम्मे बदल इथंच थांबतात, आणि जे थांबत नाहीत ते खरंच गरजेचे असतात. तुमच्याकडं निर्णय घ्यायचा अधिकार नाही तर निर्णय घेऊ नका, तो ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याच्यासमोर नेऊन ठेवा, आकड्यांसकट.

---

हिंजवडी_फेज३

आणि एक वही कर, प्रत्येक बदल नंबर घालून तिच्यात लिही, कंपनीच्या मुलांना पण सांग की वहीत नंबर नसेल तर हात लावायचा नाही. हे करारात असलं तर उत्तम, नसलं तर त्यांच्या मॅनेजरशी बोल, त्यांना आनंदच होईल बघ, फुकटची कामं त्यांचाही जीव काढतात. बदलांसाठी थोडे पैसे आणि दिवस पण सुरुवातीलाच बाजूला ठेव, बदल येणारच आहेत, ते आले की दरवेळी ट्रस्टींकडं धावायला नको. मी वर विरोधात लिहिलं होतं पण मुलांच्या डोसचं वाचून एक नक्की म्हणतो, रुग्णाच्या जिवाशी संबंध असलेलं काहीही कधीच स्टँडर्डच्या यादीत घालू नकोस.

---

रेवा_उत्तर

तीन आठवडे झाले, कळवते.

एक लांब वही केलीय, कॉम्प्युटरवर पण आहे पण वही रिसेप्शनच्या मागं उघडी ठेवलीय, कुणीही बघावी. रकाने: नंबर, कुणी मागितलं, का, कुणाकुणावर परिणाम (त्या त्या माणसाची सही), किती दिवस, किती पैसे, कुणी मंजूर केलं, कुणी तपासलं. तपासणारा करणाऱ्यापेक्षा वेगळा. जुने सगळे बदल आठवून लिहिले तर ४३ निघाले! ट्रस्टींपुढं वही ठेवली, कुणाला दोष न देता, आणि वेळ कुठं गेला ते त्यांना स्वतःलाच दिसलं. ११ आम्ही मागं घेतले, मागणाऱ्यांनाच आता ते नको होते.

सरांकडं तापीकाठ काकांनी सांगितलं तसंच बोलले. सिरपचं पान छापून नेलं होतं, नुसता ५ असलेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले हे माझ्यामुळं झालं का. मी म्हटलं सर, आमच्यामुळं झालं, आम्ही फार्मसीला विचारलं नाही. आता त्यांचे बदल ते स्वतः वहीत लिहितात, काल एक मागितला आणि स्वतःच फार्मसीत सही घ्यायला पाठवला.

खोलीभाडं परत २४ तासांवर नेलं होतं, अजून तसंच आहे. १२ ते १२ चा बदल परत आलाय, योजनेच्या डेस्कची सही झाली, विमा बघणाऱ्यांची राहिलीय.

---

बोल्ट_नट

मस्त ताई. एकच विचारतो, तुम्ही रजेवर असाल तेव्हा वहीवर मंजुरीची सही कोण करतं? आमच्याकडं पेन्सिलवाला प्रकार झाला तेव्हा मॅनेजर लग्नाला गेले होते.

---

रेवा_उत्तर

हे सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी मेट्रन बाईंना विचारते, त्या रविवारी पण असतात.